चालता सर्व्हर, नवा भाडेकरू

एका सर्व्हरला पाठवलेला हा निरोप बघा. सुरुवातीला सर्व्हरचा पत्ता, त्यापुढे 'लागणारी प्लगइन बसव' अशा अर्थाचा एक लांबलचक जोडशब्द, आणि मजकूर म्हणून एक्सएमएलची एकच ओळ: अमुक नावाचं प्लगइन, अमुक आवृत्ती. एवढंच. पोस्टकार्डावर लिहिला तर अर्धं पोस्टकार्ड कोरं राहील. ज्या सर्व्हरला तो जातो त्याचं नाव जेनकिन्स. निरोप पोचला की जेनकिन्स हातातलं काम न थांबवता दूरच्या कोठारातून ती फाइल उतरवून घेतो, तपासतो, उघडतो, आणि थोड्याच वेळात त्याला असं काहीतरी करता येऊ लागतं जे आधी येत नव्हतं. सर्व्हरपाशी जाऊन कुणी बसलेलं नसतं. कुणी तो बंद करून पुन्हा चालू केलेला नसतो. दुसऱ्या शहरातल्या एखाद्या स्क्रिप्टने तो निरोप पाठवलेला असतो, आणि ती स्क्रिप्ट लिहिणारा माणूस कदाचित झोपलेला असतो.

हे घडतं कसं, हा या प्रकरणाचा अर्धा भाग. उरलेला अर्धा मला जास्त महत्त्वाचा वाटतो: आत आलेला हा पाहुणा परत जातो कसा, आणि त्याला आत घ्यायची किल्ली असते कुणाकडे.

जेनकिन्सपासूनच सुरुवात करू, कारण त्याच्या जन्मातच प्लगइनचं कारण दडलेलं आहे. कोह्सुके कावागुची हा सन मायक्रोसिस्टिम्समधला इंजिनिअर. त्याने केलेल्या बदलांमुळे सगळ्या टीमचं बिल्ड मोडायचं आणि सहकाऱ्यांच्या आधी ते त्याला कळायचं नाही. म्हणून २००४ मध्ये त्याने एक नोकर लिहिला. कुणी कोड बदलला की तो उतरवून घ्यायचा, बांधायचा, चाचण्या चालवायच्या आणि मोडलं तर ओरडायचं, एवढंच त्या नोकराचं काम. त्याचं मूळ नाव हडसन. इंग्रजी वाड्यातल्या बटलरला शोभेल असं. पुढे ओरॅकलने सन विकत घेतली, नावाच्या मालकीवरून वाद झाला, आणि जानेवारी २०११ मध्ये वापरणाऱ्यांनी आणि लिहिणाऱ्यांनी मत देऊन नाव बदललं. मालक बदलला म्हणून बटलर नाव बदलून निघून गेला, अशी ही दुर्मीळ घटना.

आता या बटलरकडून लोकांच्या अपेक्षा किती! कुणाचा कोड गिटमध्ये, कुणाचा सबव्हर्जनमध्ये. कुणाला निकाल ईमेलवर हवा, कुणाला चॅटवर. कुणी जावा लिहितं, कुणी पायथन. एका माणसाने किंवा एका गटाने हे सगळं लिहून पुरं करणं शक्य नव्हतं. म्हणून कावागुचीने मूळ प्रोग्रॅममध्ये जागोजागी मोकळ्या जागा ठेवल्या. 'कोड कुठून आणायचा' ही एक जागा, 'बिल्ड झाल्यावर काय करायचं' ही दुसरी. या जागांना एक्स्टेंशन पॉइंट म्हणतात. तिथे कुणीही आपला तुकडा आणून बसवावा. हा तुकडा म्हणजे प्लगइन. मूळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची आणि प्लगइन लिहिणाऱ्याची कधी भेटही झालेली नसते. तरी दोघांचा कोड एकाच घरात, एकाच चुलीवर शिजतो. आज जेनकिन्सच्या कोठारात अशी दोन हजारांच्या आसपास प्लगइन आहेत.

प्रोग्रॅम चालू असताना त्यात नवा कोड आणायची कल्पना यापेक्षा खूप जुनी. युनिक्सच्या जगात 'डीएलओपन' नावाचं एक फंक्शन आहे. ते सनच्याच सनओएसमधून सगळीकडे पसरलं. त्याच्या सोबतीला आणखी दोन: 'डीएलसिम' आणि 'डीएलक्लोज'. पहिलं लायब्ररीची फाइल मेमरीत आणतं, दुसरं त्यातलं हवं ते फंक्शन नावाने शोधून त्याचा पत्ता देतं, तिसरं फाइल परत करतं. आजही लिनक्सवरच्या बहुतेक प्लगइनच्या तळाशी हीच तीन फंक्शनं सापडतील. १९९६ मध्ये नेटस्केप २.० आला आणि 'प्लगइन' हा शब्द सामान्य माणसाच्या तोंडी बसला. पानावर व्हिडिओ दिसत नाही, प्लगइन टाका, हे ज्यांनी ऐकलंय त्यांना तो काळ आठवेल. १९९८ चा अपाची १.३ हा वेब सर्व्हरही अशी मॉड्यूल घ्यायला लागला. पण अपाचीला नवं मॉड्यूल द्यायचं तर मशीनवर जाऊन कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ओळ लिहायची आणि सर्व्हर नव्याने उठवायचा. म्हणजे दारात उभं राहून पाहुण्याला आत घ्यायचं.

हे दार इंटरनेटवर का न्यावं लागलं? सर्व्हर एक होता तोवर दारात उभं राहणं परवडत होतं. दहा झाले, दोनशे झाले, आणि तेही सकाळी जन्मून संध्याकाळी पुसले जाणारे, तेव्हा प्रत्येकापाशी कोण जाऊन बसणार? मग सर्व्हरलाच कान आले. एचटीटीपीवरून विनंती पाठवायची, सोबत आपण कोण याचं टोकन द्यायचं, सर्व्हरने काम करून उत्तर द्यायचं. यालाच वेब एपीआय म्हणतात. वापरकर्ता नेमायचा असो, बॅकअप घ्यायचा असो वा प्लगइन बसवायचं असो, दार एकच. आपला घोळ नेमका या 'एकच'पाशी सुरू होतो. पण तिथे नंतर येऊ.

जेनकिन्सने निरोप घेतल्यावर काय होतं ते बघू. पाठवणाऱ्याला पूर्ण प्रशासकाचा अधिकार आहे ना, हे तो आधी पाहतो. मग अधिकृत कोठाराची यादी काढतो. या यादीवर डिजिटल सही असते आणि तिच्यात प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे अंगठ्याचा ठसा, नोंदलेला असतो. उतरवलेली फाइल त्या ठशाशी जुळली तरच पुढे. ही फाइल म्हणजे एक साधी झिप. आत जावाचा कोड आणि एक मॅनिफेस्ट, म्हणजे दारावरची पाटी: नाव, आवृत्ती, जेनकिन्स किमान कोणता हवा, आणि आपल्याबरोबर आणखी कोणती प्लगइन लागतात. लागणारी घरात नसतील तर आधी ती आणायची. त्यांच्या पाटीवर आणखी काही नावं असतात. एक पाहुणा बोलवावा आणि त्याच्यासोबत भाचरंडंही यावीत, तसं एका प्लगइनमागे दहा उतरताना मी पाहिलेली आहेत.

त्या पाटीवर आणखी एक नोंद असते आणि ती माझी आवडती आहे. 'चालू सर्व्हरमध्ये मला बसवता येईल का?' या प्रश्नाला प्लगइनने द्यायच्या उत्तराचे पर्याय तीन: हो, नाही, आणि 'बहुतेक'. संगणकाच्या जगात हो आणि नाही यांच्यापलीकडे काही नसतं असं आपण समजतो. इथे 'बहुतेक' हे चक्क कोडमध्ये लिहिलेलं आहे, आणि लिहिणाऱ्याने काहीच सांगितलं नाही तर तेच गृहीत धरलं जातं. हा प्रामाणिकपणा मला फार भावतो. जेनकिन्स जागा होताना काही गोष्टी एका ठरलेल्या क्रमाने घडतात. ज्या प्लगइनला त्या पहाटेच हजर राहणं गरजेचं असतं, ते दुपारी येऊन उपयोगी पडेलच याची खात्री कोण देणार? उत्तर 'नाही' असेल तर फाइल ओसरीवर ठेवली जाते आणि पुढच्या रीस्टार्टची वाट पाहिली जाते.

बाकीच्यांसाठी जेनकिन्स एक नवा क्लासलोडर तयार करतो. जावामध्ये कोड मेमरीत आणायचं काम क्लासलोडर करतो, आणि प्रत्येक प्लगइनला स्वतःचा वेगळा क्लासलोडर मिळतो. वाड्यात प्रत्येक बिऱ्हाडाची वेगळी खोली, तसं. एकाच लायब्ररीची जुनी आवृत्ती एका खोलीत आणि नवी दुसऱ्या खोलीत सुखाने नांदू शकते, दोघींची गाठ पडत नाही. पण कधीमधी पडते, आणि तेव्हा जो संदेश येतो तो वाचून नवखा डेव्हलपर डोकं धरून बसतो. संदेशाचा अर्थ असतो: 'गणपत' या वर्गाचं रूपांतर 'गणपत' या वर्गात करता येत नाही. नावं सारखीच, अक्षरन् अक्षर सारखी. तरी नाही. कारण जावाच्या लेखी वर्गाची ओळख नावावर ठरत नाही. नाव आणि त्याला आणणारा क्लासलोडर ही जोडी म्हणजे ओळख. एका आळीतला गणपत आणि दुसऱ्या आळीतला गणपत ही दोन वेगळी माणसं, हे जावाला पक्कं ठाऊक असतं. आपल्यालाच विसर पडतो.

खोली मिळाली, सामान लागलं. आता प्लगइनमधले जे तुकडे एक्स्टेंशन पॉइंटवर बसायचे, त्यांची यादी जेनकिन्स वाचतो आणि त्यांना आपापल्या जागी नेमतो. यापुढे कुणीही बिल्ड सुरू केलं की नवा भाडेकरूही कामाला लागतो.

आत घ्यायची गोष्ट इथे संपली. आता बाहेर काढायची.

जेनकिन्समधलं प्लगइन काढून टाका असं सांगितलं तर जेनकिन्स ते नोंदवून घेतो आणि म्हणतो, रीस्टार्ट झाल्यावर जाईल. जुन्या प्लगइनची नवी आवृत्ती आणली तरी तेच उत्तर: रीस्टार्ट. नवं प्लगइन चालू घरात येतं. आलेलं मात्र चालू घरातून जात नाही. हा जेनकिन्सचा आळस आहे असं वाटेल. तसं नाही. हा त्या कामाचाच स्वभाव आहे, आणि मी तो माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका कचेरीत जावाची वेब अ‍ॅप्लिकेशन लिहीत असे. ती टॉमकॅट नावाच्या सर्व्हरवर चालत. टॉमकॅटलाही मॅनेजर नावाचं असंच एक वेब-दार आहे: एका पत्त्यावर अ‍ॅप्लिकेशनची फाइल पाठवली की ती चढते, दुसऱ्या पत्त्याला विनंती केली की उतरते. आम्ही दिवसभर बदल करायचो, जुनं उतरवायचो, नवं चढवायचो. टॉमकॅट चालूच. एका दुपारी साहेबांसमोर प्रात्यक्षिक होतं. सकाळपासून आठ-दहा वेळा चढउतार झाली होती. नववी की दहावी वेळ, आणि पडद्यावर आलं: मेमरी संपली, 'पर्मजेन स्पेस'. साहेबांनी चहा मागवला. आम्ही टॉमकॅट उठवत बसलो.

दोष टॉमकॅटचा नव्हता, आमचाच होता. त्या काळच्या जावात वर्गांचं वर्णन साठवायला पर्मजेन नावाची मोजकी जागा असायची. अ‍ॅप्लिकेशन उतरवलं की त्याचे वर्ग तिथून पुसले जाणं अपेक्षित होतं. पण जावाचा नियम असा, की वर्ग एकेकटा पुसला जात नाही. त्याला आणणारा संपूर्ण क्लासलोडर निराधार झाला तरच सगळे वर्ग मिळून जातात. आणि निराधार म्हणजे पूर्ण निराधार. मेमरीत कुठेही, कुणाच्याही हातात त्या क्लासलोडरकडे जाणारा एक धागा जरी उरला तरी सगळं बिऱ्हाड जागच्या जागी. आम्ही अ‍ॅप्लिकेशनमध्ये दर मिनिटाला काहीतरी तपासणारा एक थ्रेड सुरू केला होता. अ‍ॅप्लिकेशन उतरवताना तो थांबवायला विसरलो होतो. दर वेळी एक थ्रेड मागे राही, आणि त्या एका थ्रेडच्या पदराला धरून हजारो वर्ग मागे राहात. नऊ भाडेकरू सोडून गेले असं आम्ही समजत होतो. खरं तर नऊही जण कुलूप लावून चावी खिशात घालून बसले होते.

२०१४ च्या जावा ८ मध्ये पर्मजेन जाऊन मेटास्पेस आली. तिला ठरावीक कुंपण नसतं, त्यामुळे हे दुखणं उशिरा दिसतं. बरं होत नाही. टॉमकॅटच्या मॅनेजरमध्ये तर 'गळती शोध' अशा अर्थाची एक खास विनंतीच आहे. तिला विचारलं की ती सांगते, अमुक अमुक अ‍ॅप्लिकेशन थांबवलेली आहेत, तरी मेमरी अडवून बसलेली आहेत. सर्व्हरच्या निर्मात्यांना असा सवालजबाब एपीआयमध्येच ठेवावासा वाटला, यावरून हा आजार किती घरोघरचा आहे ते कळावं.

सी भाषेच्या जगात तर याहून बिकट. डीएलक्लोजने लायब्ररी परत केली, आणि तिच्यातल्या एखाद्या फंक्शनचा पत्ता कुणीतरी जपून ठेवला असेल, तर पुढच्या वेळी त्या पत्त्यावर गेल्यावर घरच नसतं. प्रोग्रॅम तिथेच कोसळतो. मसल नावाची सी लायब्ररी लिहिणाऱ्यांनी यावर फार सोपा उपाय काढला. त्यांच्याकडे डीएलक्लोज हे फंक्शन आहे, पण ते काहीच करत नाही. आलेली लायब्ररी शेवटपर्यंत राहते. गो भाषेने २०१७ मध्ये, १.८ या आवृत्तीत प्लगइनची सोय दिली. तिच्या दस्तऐवजात स्पष्ट म्हटलंय की प्लगइन उघडता येतं, बंद करता येत नाही. ओसरी दिली की पाय पसरले जाणारच, हे त्यांनी आधीच मान्य करून टाकलं.

अपवाद आहेत आणि ते फार सुंदर आहेत. एरिक्सन कंपनीने टेलिफोन एक्स्चेंजसाठी बनवलेली अर्लँग भाषा घ्या. एक्स्चेंज बंद करून अपडेट कसं करणार? हजारो लोक बोलत असतात. म्हणून अर्लँगमध्ये एकाच मॉड्यूलच्या दोन आवृत्त्या एकाच वेळी नांदू शकतात, एक चालू आणि एक जुनी. ज्याचं संभाषण जुन्या कोडवर सुरू झालंय तो तिथेच राहतो. पुढे जेव्हा तो मॉड्यूलला पूर्ण नावाने हाक मारतो तेव्हा अलगद नव्या कोडवर येतो. आणि दोन म्हणजे दोनच. तिसरी आवृत्ती आणायची तर सगळ्यात जुनी आधी पुसावी लागते, आणि तिच्यात अजून कुणी रेंगाळत असेल तर ती प्रोसेस मारली जाते. एवढी कठोर व्हायची हिंमत अर्लँगला होते, कारण तिथे एक प्रोसेस मेली म्हणून शेजारचीला ताप येत नाही. ती पडली तर तिला पुन्हा उभी करणारी दुसरी प्रोसेस नेमलेली असते.

दुसरा अपवाद अगदी वेगळ्या कुळातला: वेबसाइट चालवणारा वर्डप्रेस. ऑगस्ट २०२० च्या ५.५ आवृत्तीत त्याला प्लगइनसाठी वेब एपीआय मिळाला. एका पत्त्यावर प्लगइनचं नाव आणि 'सक्रिय' हा शब्द पाठवायचा, प्लगइन उतरतं आणि चालू होतं. काढायचं तर आधी ते निष्क्रिय करायचं, मग त्याच पत्त्यापुढे त्याचं नाव जोडून वेगळ्या प्रकारची विनंती पाठवायची. आणि ते खरंच जातं, रीस्टार्टशिवाय. इथे असा कोणता मंत्र आहे? मंत्र बिंत्र काही नाही. वर्डप्रेसला घरच नाही. त्याची पीएचपी भाषा प्रत्येक विनंतीला शून्यातून सुरुवात करते. कुणी पान मागितलं की डेटाबेसमधून सक्रिय प्लगइनची यादी वाचायची, एकेक फाइल उघडायची, पान तयार करून द्यायचं आणि सगळं विसरायचं. पुढच्या पानाला पुन्हा पहिल्यापासून. भाडेकरू ठेवायचा प्रश्नच नाही. रोजच्या बाजारासारखं, सकाळी पालं ठोकायची, संध्याकाळी उचलायची. यादीतून नाव खोडलं की उद्या त्याचं पाल लागत नाही. किंमत अर्थात प्रत्येक पानाला मोजावी लागते, आणि तीस-चाळीस प्लगइन लावलेली साइट उघडताना ती आपल्यालाही जाणवते.

वर्डप्रेसची आणखी एक सवय शहाणपणाची आहे. सक्रिय करण्याआधी तो प्लगइनची फाइल एकदा चालवून बघतो; ती तिथेच कोसळली तर नाव यादीत चढत नाही. पण गेलेला मागे काहीच ठेवत नाही असंही नाही. डेटाबेसमधली त्याची टेबलं, त्याच्या सेटिंग्ज या भिंतीला ठोकलेल्या खिळ्यांसारख्या राहतात. त्या उपटायचं काम प्लगइन लिहिणाऱ्यावर सोपवलेलं असतं आणि बरेच जण ते करत नाहीत.

आता किल्लीकडे.

वर्डप्रेसच्या त्या एपीआयमध्ये एक मर्यादा मुद्दाम ठेवलेली आहे. त्यातून फक्त नाव पाठवता येतं, आणि ते नाव वर्डप्रेसच्या अधिकृत सूचीत असावं लागतं. स्वतः बनवलेली झिप त्या वाटेने पाठवता येत नाही. अनेकांना ही अडचण वाटते. मला ती अडचण वाटत नाही, कारण जिथे ही मर्यादा नव्हती तिथे काय झालं ते बघण्यासारखं आहे.

रेडिस हा अतिशय वेगवान डेटाबेस. त्याची बोली एचटीटीपी नव्हे, स्वतःची आहे. पण नेटवर्कवरून हुकूम घ्यायची रीत तीच. २०१७ च्या ४.० आवृत्तीपासून त्याला 'मॉड्यूल लोड' असा हुकूम दिला की तो सांगितलेल्या ठिकाणची फाइल डीएलओपनने आत घेई. फाइल मात्र आधीपासून त्याच मशीनवर हवी. हे कुंपण पुरेसं वाटलं होतं. २०१८ मध्ये पावेल तोपोर्कोव्ह या संशोधकाने ते कुंपण कसं ओलांडायचं ते दाखवलं. रेडिसला सांगता येतं, 'तू आता त्या सर्व्हरचा अनुयायी हो.' अनुयायी झाला की तो नव्या मालकाकडून सगळ्या माहितीची प्रत मागतो आणि आलेलं सगळं आपल्या डिस्कवर लिहितो. मालक चोर असेल तर? तो माहितीऐवजी मॉड्यूलची फाइलच पाठवतो. रेडिस ती इमानेइतबारे लिहून ठेवतो. फाइलला काय नाव द्यायचं तेही नेटवर्कवरूनच सांगता येतं. मग एकच हुकूम: मॉड्यूल लोड. तीन निरुपद्रवी सोयी, तिन्ही एकाच दारातून मिळणाऱ्या, आणि त्यांची बेरीज म्हणजे संपूर्ण मशीन परक्याच्या हातात.

२०२२ च्या रेडिस ७ मध्ये हा हुकूम मुळातच बंद ठेवला गेला. हवा असेल तर कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहायचं. चालू सर्व्हरला नेटवर्कवरून ती सेटिंग बदलायला सांगितलं तर तो ऐकत नाही. ज्या दारातून पाहुणा येतो, त्याच दारातून 'पाहुण्यांना परवानगी आहे' हा निरोप येऊ द्यायचा नाही, हे शिकायला पाच वर्षं गेली.

ओपनफायर या चॅट सर्व्हरची गोष्ट याहून सरळ. २०२३ मध्ये त्याच्या प्रशासन-पानांच्या पत्त्यात एक फट सापडली. पत्ता जरा वेडावाकडा लिहिला की लॉगिनशिवाय आतल्या पानांपर्यंत जाता येई. ही फट २०१५ पासून तिथे होती. हल्लेखोर आत जाऊन काय करत? नवा प्रशासक नेमत, त्याच्या नावाने लॉगिन करत, आणि प्लगइन चढवत. प्रशासन-पानात हजार गोष्टी करता येतात, पण चोर नेमका प्लगइनकडे जातो, कारण बाकी सगळ्या सोयी सर्व्हरला आधीच येत असलेली कामं करतात. प्लगइन ही एकच सोय अशी, की तिच्यातून सर्व्हरला काहीही करायला लावता येतं.

या सगळ्यात शहाणं म्हणावं असं एक घर म्हणजे हॅशिकॉर्पचा वॉल्ट. वॉल्ट म्हणजे पासवर्ड आणि किल्ल्या सांभाळणारी तिजोरी. इथे चूक परवडत नाही, म्हणून त्यांची रचना वाचण्यासारखी आहे. प्लगइन कुठल्या फोल्डरात ठेवायची हे सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहावं लागतं. प्लगइनची फाइल त्या फोल्डरात माणसाने, मशीनवर जाऊन, ठेवायची. एपीआयवरून फाइल चढवता येतच नाही. एपीआयला फक्त नोंद सांगायची: नाव, फोल्डरातल्या फाइलचं नाव आणि तिचा एसएचए-२५६ हॅश. वॉल्ट दर वेळी प्लगइन सुरू करताना फाइलचा हॅश पुन्हा काढतो आणि नोंदीशी ताडून बघतो. आणि सुरू करतो तेही आपल्या घरात नाही, शेजारच्या घरात: प्लगइन ही स्वतंत्र प्रोसेस असते, वॉल्ट तिच्याशी कूटबद्ध वाहिनीवरून बोलतो. प्लगइन कोसळलं तर वॉल्ट उभा राहतो. नवी आवृत्ती आणायची तर जुनी प्रोसेस मारायची आणि नवी उठवायची; प्रोसेस मेली की ऑपरेटिंग सिस्टिम तिची सगळी मेमरी काढून घेते, एकही धागा मागे राहत नाही. भाडेकरूला खोली न देता समोर स्वतंत्र झोपडी बांधून दिली, की उठवण्याचं भांडणच मिटतं. बोलणं थोडं सावकाश होतं, कारण प्रत्येक शब्द रस्ता ओलांडून जायचा. तिजोरीसाठी हा सौदा मला योग्य वाटतो.

तरीही २०२५ च्या ऑगस्टमध्ये सायाटा या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी या घरात शिरून दाखवलं. वॉल्टमध्ये कोणी काय मागितलं याची नोंदवही, म्हणजे ऑडिट लॉग, ठेवायची सोय आहे. मोठ्या अधिकाराच्या माणसाला एपीआयवरून सांगता येई की ही वही कुठल्या फाइलमध्ये लिहायची, त्या फाइलला कोणत्या परवानग्या द्यायच्या, आणि प्रत्येक ओळीच्या आधी कोणता मजकूर जोडायचा. संशोधकांनी वही प्लगइनच्या फोल्डरात उघडली. परवानगी दिली, 'चालवता येणारी फाइल'. ओळीआधीचा मजकूर म्हणून एक छोटी शेल स्क्रिप्ट दिली. म्हणजे एपीआयवरून फाइल चढवता येत नाही म्हणता म्हणता वॉल्टने ती स्वतःच्याच हाताने लिहून दिली. राहिला हॅशचा प्रश्न. त्यासाठी दुसरी नोंदवही नेटवर्कवरून स्वतःकडे मागवली. दोन्ही वह्यांत तोच मजकूर, तेव्हा हातातल्या प्रतीवरून हॅश काढला, नोंद केली, आणि प्लगइन चाललं. ही वाट वॉल्टमध्ये कित्येक वर्षं उघडी होती.

दुरुस्ती १.२०.१ या आवृत्तीत आली. प्लगइनच्या फोल्डरात ऑडिट लॉग लिहायला वॉल्ट आता नकार देतो. ओळीआधी मजकूर जोडायची सोयही मुळात बंद असते. ती कुणाला हवीच असेल तर त्या मशीनवर जाऊन कॉन्फिगरेशन फाइलमध्ये तसं लिहावं लागतं. एपीआयवरून ती उघडता येत नाही.